हापशापुरती जागा

मारोतीमामांची नात अंगणात धडपडली आणि तिनं भोकाड पसरलं. अशा वेळी कुठलाही आजोबा जमिनीला दोन चापट्या मारतो, "हात् गं भुई, आमच्या पोरीला पाडतीस?" म्हणतो, आणि पोर हसतं. मामांनीही हात उगारला, पण तसाच मागं घेतला. नातीला म्हणाले, "मारता येत न्हाई बाळा. सरकारी जागा हाय."

हे मी कुंपणापलीकडून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

लातुरातली आमची सगळी कॉलनीच भाडेपट्ट्याची. घर आपण बांधायचं, जमीन नगरपालिकेची. बाकीचे आम्ही हे विसरून सुखानं राहत होतो. मामा विसरत नसत. कुणी घराचं कौतुक केलं की म्हणत, "वरचं माझं, खालचं सरकारचं." जन्मभर एसटी चालवलेला माणूस. मुखेडच्या गाडीवर असताना कुणी "गाडी लई झ्याक ठेवली तुम्ही" म्हटलं, तरी "महामंडळाची हाय, मी फकस्त चालवतो" असंच उत्तर.

मग एका दुष्काळात नळ कोरडे पडले. मामांनी अंगणाच्या कडेला बोअर मारली, आणि अख्ख्या कॉलनीत पाणी लागलं ते तिथंच. मामांनी हापसा बसवला, त्या बाजूचं कुंपण उपटून टाकलं आणि सकाळी बादली घेऊन रांगेत उभे राहिले. स्वतःच्या हापशावर, सगळ्यांच्या मागं!

"मामा, मालकानं कुठं रांग लावायची असते का?" मी विचारलं.

"मालक कोण हाय? खालचं सरकारचं."

जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्या आल्या, जागांना भाव आला, आणि कॉलनीनं मागणी लावून धरली की भाडेपट्टा नको, मालकी द्या. मी शाळेत मास्तर आणि कॉलनीचा चिटणीस. मागणी रास्तच होती, आजही छातीठोकपणे सांगतो. आपल्याच घरावर एक खोली चढवायची तर परवानगीसाठी हेलपाटे घालायचे, ही काय रीत झाली? अर्जावर सगळ्या पट्टेदारांच्या सह्या हव्या होत्या. एक सोडून सगळ्या झाल्या.

"नसती मालकी गळ्यात कशाला?" मामा म्हणाले.

आम्ही समजावलं, मग भांडलो. देशमुख वहिनींनी तर त्यांच्याकडं धपाटे पाठवणं बंद केलं. शेवटी मी एकटाच गेलो आणि तावातावानं विचारलं, "जागा तुमची झाली तर तुमचं जातंय काय?"

मामा हापशाकडं बघत बसले. मग म्हणाले, "जागा माझी झाली की पाणी बी माझं झालं, मास्तर. मग मी देणारा आन् हे समदे घेणारे."

"मग द्या की! कोण अडवतंय?"

"मी देतो. उद्या पोरगं कुलूप घालंल. आन् न्हाई घातलं तरी..." त्यांनी नजर माझ्याकडं वळवली. "गावात आमच्या लोकांला विहिरीवर चढू देत नव्हते. माय घागर घेऊन खाली उभी राहायची. येईल त्या बाईला म्हणायची, वाढा की एवढं पाणी. कुणी कुणी वाढायचं बी. चांगली माणसं व्हती ती. पर मायला रोज म्हणावं लागायचं."

मी सह्यांचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

तोड मामांनीच काढली. सही करतो, पण हापशापुरती जागा माझ्या नावावर घालू नका, ती नगरपालिकेचीच ऱ्हाऊ द्या. मालकी नको म्हणणारा माणूस बघून कचेरीतला कारकून खुर्चीतून उठून उभा राहिला, पण विनंती मान्य झाली. मोजणीवाल्यांनी खुंट्या रोवल्या. मामांचा प्लॉट एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडल्यासारखा दिसू लागला, आणि आम्ही सगळे एकदाचे मालक झालो.

पेढे वाटण्याची गडबड चालली होती. तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतली एक नवी सून घागर घेऊन आली. मामांना दारात बघून तिनं पदर सावरला आणि चाचरत विचारलं, "मामा, एक घागर पाणी घेऊ का?"

एवढ्या वर्षांत मामांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"मला इचारायचं न्हाई!"

पोरगी दचकून दोन पावलं मागं सरली. मामांचे डोळे भरून आले होते. आवाज उतरवून ते म्हणाले, "कुणालाच इचारायचं न्हाई, पोरी. भर."