किसनतात्यांचं लिटरभर ऊन

किसनतात्या साळवे ऊन लिटरमध्ये मोजायचे. "आज दीड लिटर झालं," असं म्हणून ओट्यावरून उठायचे, पाठ झटकायचे आणि कामाला लागायचे. नवीन माणसाला वाटायचं, दुधाबद्दल बोलताहेत. आम्हाला सवय होती.

आमचं गाव वडवणीहून एसटीनं अर्ध्या तासावर. तिथल्या दूध संस्थेची मी सचिव आणि तात्या काट्यावर. दूध मोजून घ्यायचं, फॅट काढायची आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा, हे त्यांचं काम. तो लिहायचा, हे माझं. तेरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो. तेवढ्या काळात त्यांनी आकडा चुकीचा सांगितला नाही आणि मी चुकीचा लिहिला नाही. चेअरमनच्या चरवीतही पाणी निघालं तेव्हा ते रांगेसमोर म्हणाले होते, "साहेब, आज म्हशीनं आंघुळ केलीती का?"

तर ऊन. संस्थेच्या ओट्यावर शहाबादी फरशी आहे आणि समोर झेंड्याचा खांब. खांबाची सावली एका फरशीवरून पुढच्या फरशीवर गेली, की तात्यांच्या हिशेबी एक लिटर ऊन झालं. मी एकदा घड्याळ लावून बघितलं. कधी बावीस मिनिटं भरली, कधी सव्वीस. मी म्हटलं, "तात्या, तुमचं माप सारखं नाही."

"बाई, म्हशीचं तरी रोज सारखं निघतं का?"

उन्हाची प्रतही ठरलेली होती. सकाळी आठच्या आतलं ऊन म्हशीचं, साडेसहा फॅटचं. नऊ-दहाचं गायीचं. बारानंतरचं मात्र काहीच कामाचं नाही. "नुस्तं पानी हाय त्ये. त्यानं पोट भरत न्हाई, डोस्कं फिरतं." सिद्धांत असा, की ऊन पाठीत मुरलं की पोटात भूक निघते, भूक निघाली की माणूस हसतो आणि हसला की वजन धरतो. हा क्रम त्यांनी कधी बदलला नाही. मी एकदा विचारलं, आधी हसला आणि मग भूक लागली तर? "तसं पैसेवाल्यांचं आसतं," ते म्हणाले.

दुष्काळाच्या वर्षी हा सगळा खटाटोप कुणासाठी चालला होता, हे गावाला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोसाठी, सुभद्राकाकूंसाठी.

त्या वर्षी पाऊस असा झालाच नाही. दिवाळीआधीच विहिरींचे तळ दिसले. तात्यांचा मुलगा आणि सून पहिल्यांदाच ऊसतोडीला गेले, पार कर्नाटकाच्या हद्दीकडं, आणि तीन वर्षांच्या प्रज्ञालाही बरोबर नेलं. ती पोर जन्मल्यापासून काकूंच्या ताटात जेवायची. ट्रक गेला त्या दिवसापासून काकू आतल्या खोलीत बसल्या त्या बसल्याच. भांडण नाही, रडणं नाही, जेवण मात्र बंद झालं. चहा घ्यायच्या, भाकरीचा तुकडा मोडायच्या आणि तसाच दुरडीत ठेवायच्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, आजार काही नाही, खायला घाला. तात्या परत येऊन मला म्हणाले, "डाक्टरनं दवा सांगितली, पन घालायची कशी त्ये न्हाई सांगितलं."

मग त्यांना आपलं ऊन आठवलं.

ते रोज सकाळी काकूंची बाज अंगणात काढायचे. काकू पाच-सहा मिनिटं बसायच्या, फार तर पाव लिटर, आणि पदर सावरून आत जायच्या. तात्या बाज तशीच ठेवायचे. उगाच म्हणायचे, "ऊन सांडून चाललंय."

हायस्कुलातल्या सरांना हे पटत नसे. रोज दूध घ्यायला आले, की वाद. "अहो तात्या, उन्हाळ्यात माणसाची भूक मरते. तुमचं सगळं उलटंच!"

"सर, तुमी कदी रोजगार हमीवर गेलताव का? दिसभर उन्हात खडी फोडनारा मानूस किती भाकरी खातो, सांगू?"

"ती कामाची भूक आहे, उन्हाची नव्हे."

तात्यांनी पुढची चरवी ओतून घेतली. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सरांची किटली भरता भरता म्हणाले, "सर, त्येच काम सावलीत केलं तर तेवढीच लागंल का?" सर झाकण न लावताच किटली घेऊन निघाले.

मला वाद आवडत नाहीत, रकाने आवडतात. मी म्हटलं, तात्या, एक वही घालू. एक जुनी शंभर पानी होती, तिच्यात पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, नाव, ऊन, भाकरी, वजन, मन. 'मन' हा रकाना त्यांनी मागून घेतला. त्यात काय लिहायचं, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "फॅट लिवायची." त्यामुळं आमच्या वहीत साडेतीन फॅटची मनं आहेत, आणि सरांच्या नावापुढं एके दिवशी 'नासलं' असंही आहे.

काटा मोकळाच असायचा. पूर्वी सकाळचे चार कॅन भरायचे, ते दीडवर आले होते. निम्मी जनावरं चारा छावणीत, उरलेल्यांच्या अंगात दूध कुठलं? अर्ध्या तासात संकलन उरकायचं आणि मग माणसं काट्यावर चढायची. पहिल्या पंधरवड्यात एकोणीस नावं होती. त्यात चेअरमनही आले. त्यांना वजन कमी करायचं होतं. चौऱ्याण्णव किलो. तात्यांनी रोज दोन लिटर ऊन सांगितलं, पहिल्या धारेचं, म्हणजे आठच्या आतलं. चेअरमननी ते मनापासून घेतलं आणि तीन आठवड्यांत सत्त्याण्णव किलो झाले.

"आरं किसन, हे काय झालं?"

तात्यांनी वही बघितली, भाकरीच्या रकान्यावरून बोट फिरवलं. चारवरून सहा. "बराबर हाय की साहेब. ऊन लागू पडलं. तुमाला सावली पायजे व्हती, त्ये माझ्या ध्यानात न्हाई आलं."

मलाही ते सोडत नसत. महिनाअखेरीला ताळे जुळत नसले की माझा आवाज चढतो, हे मी मान्य करते. तात्या रांगेत पुढं असेल त्याला हळूच सांगायचे, "आज बोलू नगंस. बाईला पाव लिटर कमी पडलंय." आणि माझी खुर्चीच उचलून दारात उन्हाला ठेवायचे. मी तिथं बसून हिशेब करायचे. ताळा जुळायचा. उन्हामुळं की दारात कुणी येऊन बोलत नसल्यामुळं, ते मी तपासलेलं नाही.

फेब्रुवारीपर्यंत लोक कंटाळले. नावं गळत गेली आणि वहीत दोनच उरली, तात्या आणि काकू. काकूंचं वजन आठवडी बाजाराच्या दिवशी. तात्या त्यांना हात धरून आणायचे, काट्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्यानं म्हणायचे, कारण हळू म्हणायची त्यांना सवयच नव्हती. एक्केचाळीस. चाळीस सहाशे. एकोणचाळीस नऊशे. मी लिहायचे. भाकरीचा आकडा मात्र रोजचा असायचा. आल्या आल्या तात्या सांगायचे, "लिवा. तिची चतकोर. माझी चतकोर." मी लिहायचे आणि पहिल्या चरवीकडं वळायचे. रोज लिहीत होते, पण वाचत नव्हते.

रांगेत टवाळी चालायची. "तात्या, एवढं ऊन पिताव, मंग आसं काडीवानी का दिसताव?"

"माझं वासरू पितंय," तात्या म्हणायचे. लोक हसायचे. मीही हसले होते.

मी प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवशी सगळ्या वह्यांची बेरीज करते, लागो न लागो. त्या महिन्याला ती शंभर पानीही ओढली आणि रकान्यांवरून पेन्सिल खाली नेली. उन्हाचा रकाना तात्यांचा दीड-दोन लिटर, काकूंचा पाव. तिथं काही जुळत नव्हतं. पण भाकरीचे दोन आकडे एकाखाली एक होते. चतकोर, चतकोर. अर्धी, अर्धी. निरंक, निरंक. तीन महिन्यांत एका दिवसाचाही फरक नव्हता. तात्यांचं वजन अठ्ठावन्नचं बावन्न झालं होतं आणि ते मी माझ्याच हातानं लिहिलं होतं.

मी त्यांना बोलावलं. वही पुढं केली. "तात्या, ह्या दोन आकड्यांत फरक का नाही?"

ते खांबाकडं बघत म्हणाले, "सावली हालली बघा बाई."

"हलू द्या. घरी जेवत नाही का तुम्ही?"

"तिला म्हंतो, सोसायटीत खाल्लं. सर चिवडा आन्त्यात, चेअरमनचा डबा आस्तो." डोकं खाजवलं. "वहीत खोटं कसं सांगनार? म्हनून हितं खरं सांगितलं."

"पण भूक लागत नाही का?"

तेव्हा ते माझ्याकडं वळले. चेहरा अगदी सरांशी वाद घालतानाचा. "लागती की! लई लागती. ऊनच हाय तसलं. पोटात नुस्ता वनवा पेटतो. पन तिनं चतकोर मोडली की माझा बी हात तितंच थांबतो. म्होरं घासच उतरत न्हाई. आता ह्यात उनाची काय चूक?"

मी वही मिटली. मला काय करायचं ते लगेच कळलं होतं आणि ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारी वही घेऊन त्यांच्या घरी गेले. काकू आतल्या खोलीत, भिंतीला टेकून. त्यांना अक्षर येत नाही, आकडे येतात. मी खाली बसले आणि म्हटलं, "काकू, हे तुमचं आणि हे तात्यांचं." त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा बघितला. पान उलटलं. पुन्हा उलटलं. मी वजनाचे आकडे वाचून दाखवले, तात्यांचे. अठ्ठावन्न, सत्तावन्न, पंचावन्न, बावन्न.

"आन चिवडा?" काकू म्हणाल्या.

"चिवडा कुणी आणत नाही, काकू."

त्यांनी परत पहिलं पान काढलं. मग म्हणाल्या, "मला सांगत व्हता, चेअरमनच्या घरची भाजी लई तिखाट आस्ती म्हनून. रोज येगळी भाजी सांगायचा. वांगं काय, पिठलं काय. मेला खोटारडा." वही मिटून माझ्या हातात दिली. "जावा तुमी. मला वाईच काम हाय."

मी निघाले. काही साधलं की नुसतं दुखवून आले, ते कळेना.

दुसऱ्या दिवशी संकलन उरकलं होतं. तात्या ओट्यावर बसले होते, काटा पुसून झाला होता. काकू गल्लीतून एकट्या येताना दिसल्या. बाजाराचा दिवस नव्हता. डोक्यावर पदर, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. तात्या गडबडीनं उठले. "काय गं? फोन आला का पोरांचा? प्रज्ञाला काय झालं का?"

"काय न्हाई झालं. बसा खाली."

ओट्यावर फडकं सोडलं. तीन भाकऱ्या होत्या, वर हिरव्या मिरच्यांचा ठेचा. काकूंनी एक भाकरी मोडली, निम्मी तात्यांपुढं ठेवली, निम्मी आपल्या हातात घेतली आणि एक घास तोंडात घातला. चावायला वेळ लागत होता. डोळे भरले होते, ठेच्यानं की कशानं, मी विचारलं नाही. दुसरा घास घेतला. तात्या नुसते बघत होते.

"बघताव काय?" काकू म्हणाल्या. "मी खाल्ल्याबिगर तुमी खानार न्हाई, आन तुमी उपाशी मेलाव तर त्या पोरीला मी काय सांगू? खावा."

तात्यांनी घास घेतला. मग दुसरा. मग ज्या वेगानं ते जेवले, तसं मी कुणाला जेवताना पाहिलेलं नाही. काकूंची निम्मी संपली आणि हात थांबला. तात्यांचाही थांबला. काकूंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि दुसरी भाकरी मोडली.

मी खिडकीत बसून वही उघडली होती, पण लिहायचं सुचत नव्हतं. तेवढ्यात काकूंचा आवाज आला.

"बाई, मीठ हाय का वो? ठेचा पार आळनी झालाय."

संस्थेत मीठ कुठलं? पशुखाद्याच्या गोदामात जनावरांचं खडेमीठ होतं, अर्धं पोतं. मी किल्ल्या घेऊन पळतच गेले. एक चांगला खडा निवडला, पदरानं पुसला, मापाच्या दगडानं कागदावर ठेचला आणि ती पुडी त्यांच्यापुढं नेऊन ठेवली.