मौनी शेततळ्यात उतरतो

माझ्या यंत्राइतकं गुपचूप पाण्याखाली फिरणारं यंत्र अख्ख्या किनाऱ्यावर दुसरं नाही, हे आधीच सांगून ठेवते. म्हणजे निदान सुरुवातीला तरी तुम्हाला माझ्याबद्दल आदर वाटेल.

मी गोव्यात समुद्रातल्या माशांचा अभ्यास करते. ते कसे वागतात हे बघायला कॅमेऱ्याचं यंत्र खाली पाठवावं, तर मोटरच्या आवाजाने मासे पसार होतात. चित्रणात उरतात नुसते खडक. म्हणून मी बिनआवाजी मोटरचं यंत्र बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं मौनी. संशोधनाच्या बोटीवर यंदा एकाच यंत्राला जागा होती. मौनीला, नाहीतर माझा सहकारी विश्वजीत याच्या कॅमेऱ्याला. विश्वजीतचा कॅमेरा म्हणजे दोरीने खाली सोडायचा डबा. ना मोटर, ना अक्कल! मी त्याला ऑफिसात सगळ्यांदेखत ‘बादली’ म्हणत असे.

समुद्र खवळलेला होता, म्हणून चाचणीसाठी मी मौनीला घेऊन शिरूरजवळ कवठे येमाईला, मामांच्या गावी आले. हौशीराम मामांच्या शेततळ्यात रोहू, कटला आहेत. मौनी पाण्यात उतरला आणि सगळे मासे पलीकडच्या कोपऱ्यात गोळा झाले, शिरूर डेपोत एसटी लागल्यावर माणसं होतात तसे.

“मोटर चालू हाय का?” मामांनी विचारलं.

“चालू आहे. आवाज येत नाही, तीच तर गंमत.”

“आपल्याला न्हाई येत. त्यांस्नी येतोय.”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

“काय गं प्राची, ताटातलं तसंच हाय,” मामी म्हणाल्या.

“मासे बुजतात, मामी. असंच राहिलं तर बोटीवरची माझी जागा गेली.”

“एवढंच व्हय? आज वळख न्हवती. उद्या बघ.”

मामींचं शास्त्र ऐकून मला हसू आलं. पण सकाळी, मामींनी आधीच काठावर आणून ठेवलेला मौनी पाण्यात ढकलला, तर काय सांगू! मासे पळणं सोडाच, त्याच्याभोवती झुंबड. एक रोहू तर कॅमेऱ्याचे मुके घेत होता. मी आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. लगेच सुलक्षणा मॅडमना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पाण्याकडे धरला. बोटीवर कोण जाणार हे त्याच ठरवतात. तिकडे त्यांच्या शेजारी विश्वजीतही येऊन बसला. मला तेच हवं होतं.

“प्राची, हे मासे यंत्र चाटतायत,” मॅडम म्हणाल्या.

“आवाजच नाही ना, मॅडम.”

“मोटर बंद करून बघ.”

केली. मासे तिथेच.

“आता कोपऱ्यात ने.”

नेला. अख्खी वरात मागोमाग. मॅडम खूश, मी त्याहून खूश. मामी माझ्या पाठीशी उभ्या राहून कौतुकाने बघत होत्या.

तेवढ्यात वळताना मौनी कलला आणि विश्वजीत म्हणाला, “मॅडम, त्याच्या पोटाखाली काय लोंबतंय?”

मी नीट बघितलं. गोणपाटाची पुरचुंडी लोंबत होती.

मी काही बोलायच्या आत मामी स्क्रीनपुढे आल्या. “शेंगदाण्याची पेंड हाय, बाई. आन् वाईच कोंडा. मीच बांधली.”

“मामी!”

“अगं, दुसऱ्याच्या दारी जायाचं तर हातात कायतरी न्यावं. त्ये बिचारं काल रिकाम्या हातानं गेलं. कोण जवळ येईल?”

मी शेततळ्याची खोली मनात मापत होते. मग मॅडमनी विचारलं, “मामी, ही पाण्यात विरघळत नाही?”

“गच्च मळायची. आन् पुरचुंडी घट्ट बांधायची.”

मॅडम विश्वजीतकडे वळल्या. “मासे मोटरला भीत नाहीत, खाण्याला भुलतात. तुझ्या डब्याखाली अशी पुरचुंडी बांधली तर मोटर हवीच कशाला?”

निकाल तिथेच लागला. बोटीवर बादली जाणार. समुद्रातल्या माशांना पेंडेऐवजी बांगड्याचा चुरा द्यायचा. आणि बोटीवर तो मळायचं काम, मामींच्या घरचं माणूस म्हणून, माझ्याकडे.

फोन ठेवल्यावर मामींनी काळजीने विचारलं, “मिळाली का गं जागा?”

“मिळाली, मामी,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

त्या दुपारी मी पोटभर जेवले, कारण मामी ताटावरून उठू देईनात. मग गोव्याला निघाले. मामींनी दिलेला पेंडेचा नमुना मांडीवर होता, त्याच्या वासाने शिरूर येईपर्यंत डोकं उठलं. मौनी मागे डिकीत होता. खरं सांगते, जराही आवाज करत नव्हता.