मीटरकाकांनी पाठ फिरवली

मळ्यावरचा नियमांचा फळा मीटरकाकांनी स्वतःच्या हाताने रंगवला होता. त्यामुळे पुढे जे काही झालं, त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं शिल्लक राहिलं नाही.

काका तीस वर्षं घरोघरी विजेचे मीटर तपासत हिंडले. निवृत्त झाल्यावर ते घरातला फ्रिज दिवसातून किती वेळा उघडला जातो याची नोंद ठेवू लागले, तेव्हा काकूंनी त्यांना हाताला धरून वस्तीच्या भाजीमळ्यावर आणून सोडलं. मळा चाळीस घरांचा. सगळ्यांनी मिळून राबायचं आणि शनिवारी सकाळी फाटकाजवळच्या टेबलावर भाजी विकायची. काकांनी पहिल्याच दिवशी गवत समजून गाजराचा अख्खा वाफा उपटला. मग सगळ्यांनी एकमताने त्यांना नियम लिहायला बसवलं.

नियम चांगले होते, उगाच खोटं कशाला बोला! पहिला नियम भावाचा. प्रत्येक भाजीला तीन भाव: पूर्ण, अर्धा आणि जमेल तेवढा. आपला भाव ज्याचा त्याने ठरवायचा, कुणी काही विचारायचं नाही, आणि गिऱ्हाईक झाकणाच्या पेटीत पैसे टाकत असताना विकणाऱ्याने पाठ फिरवायची. ‘झालं’ असं ऐकू आलं की वळायचं. या एका नियमामुळे वस्तीतल्या काही घरांत ताजी भाजी पुन्हा शिजू लागली होती, आणि ती घरं कोणती हे खुद्द काकांनाही ठाऊक नव्हतं. रांगेतल्या लोकांनाही आता सवय झाली होती. पुढचा माणूस खिशात हात घालू लागला की सगळी रांग आभाळ बघायची.

सातवा नियम मुलांचा. मूल एकटं असेल तर दोन मोठी माणसं हजर हवीत, आणि एकाची तरी नजर सतत त्याच्यावर हवी. कारण दर मंगळवारी शाळेची मुलं मळ्यावर यायची आणि काका त्यांचे बालसुरक्षा प्रमुख होते. तसा बिल्लाच होता छातीवर. काकांची स्वतःची नातवंडं सातासमुद्रापार. मंगळवारी वीस-बावीस पोरं ‘काका, हा किडा बघा, काका, तो किडा बघा’ करत अंगावर यायची, तेव्हा काकांचा जीव सुपाएवढा व्हायचा. आणि नेमकं त्याच मंगळवारावर गंडांतर आलं होतं. बालकल्याण खात्याच्या तपासनीस बाई या महिन्यात कधीही, न सांगता येणार होत्या. ‘मुलं सुरक्षित नाहीत’ एवढा शेरा पडला की मंगळवार बंद.

मुलं मंगळवारी आणि भाजी शनिवारी, म्हणून पहिला आणि सातवा नियम सहा महिने एकाच फळ्यावर गुण्यागोविंदाने नांदले. मग एका शनिवारी आठेक वर्षांची, निळ्या फ्रॉकमधली एक मुलगी हातात पिशवी घेऊन एकटीच आली.

“काका, अर्धा किलो टोमॅटो आणि पालकाची जुडी. आजीचे गुडघे दुखतायत म्हणून मी आलेय.”

काकांनी भाजी दिली आणि सवयीने पाठ फिरवली. तोच त्यांना सातवा नियम आठवला. ते गर्रकन वळले. मुलीच्या मुठीतले पैसे दिसायच्या आत पहिला नियम आठवला. ते पुन्हा फिरले. मग पुन्हा सातवा.

“काका, तुम्हाला चक्कर येतेय का?” मुलीने विचारलं.

“अगं ए!” काकांनी बियांच्या खोलीकडे बघून हाक मारली. “जरा इकडे ये. दुसरं मोठं माणूस हवंय.”

काकू हात झटकत आल्या. काकांनी त्यांना बाजूला घेऊन सगळा पेच सांगितला.

“एवढंच ना? मुलीकडे बघा, हाताकडे बघू नका,” काकू म्हणाल्या.

“हात काय शेजाऱ्यांचा आहे? मुलीचाच ना? आणि नजर गेली, समजा तिने कमी पैसे टाकले, तिला कळलं की आपल्याला कळलं, तर ती आजी उद्यापासून भाजी घेईल का? लाजेने मरेल बिचारी!”

“मग बघू नका.”

“आणि तपासनीस बाई आत्ता टपकल्या तर? मंगळवार गेला म्हणून समज!”

काकूंनी कपाळाला हात लावला. हात लावताना चष्म्याला लागला आणि त्यांना तोड सुचली. “मी चष्मा काढते. मला मुलगी दिसेल, पैसे दिसायचे नाहीत. तुम्ही फिरवा पाठ.”

काकांना बायकोचा इतका अभिमान लग्नातही वाटला नव्हता. त्यांनी पाठ फिरवली. काकूंनी चष्मा काढून डोळे ताणले. रांगेने आभाळ बघायला सुरुवात केली.

मिनिट गेलं. ‘झालं’ काही ऐकू येईना. काकांना वाटलं, चिल्लर असेल. बिचारी रुपया-रुपयाचं गणित जुळवत असेल, घाई केली तर ओशाळेल.  ते आणखी दोन मिनिटं थांबले.

“आहे ना गं?” त्यांनी न वळता हळूच विचारलं.

“आहे ना! हलत पण नाही, गुणाची पोर,” काकू म्हणाल्या.

पाचव्या मिनिटाला रांगेतल्या एकाची मान अवघडली आणि त्याने विचारलं, “काकू, तुम्ही बुजगावण्याकडे काय बघताय?”

काकूंनी चष्मा लावला. भोपळ्याच्या वेलात निळा सदरा घातलेलं बुजगावणं हात पसरून उभं होतं. मुलगी टेबलाजवळ नव्हती, वाफ्यांत नव्हती, कुठेच नव्हती. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मंगळवार, शेरा, बिल्ला, सगळं विसरून त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त पाण्याची टाकी आली. त्यांनी धावत जाऊन घंटा बडवली. “मूल हरवलंय! नववा नियम! फाटक बंद करा!”

माळीदादांनी इकडेतिकडे न बघता फाटकाला कुलूप ठोकलं. काका टाकीत डोकावले, खताच्या खड्ड्यात उतरले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी फाटक वाजवलं.

“उघडा जरा,” एका बाईंचा आवाज आला.

“उघडता यायचं नाही,” माळीदादा म्हणाले. “आत मूल हरवलंय.”

“अहो, मूल बाहेर आहे. माझ्याजवळ.”

“बाहेरच्या मुलाचं आम्ही काय करू बाई? आमचं आत हरवलंय!”

शेवटी काकूंनीच कुलूप काढलं. फाटकात निळ्या फ्रॉकमधली मुलगी उभी होती, आणि तिचा हात धरून, गळ्यात बालकल्याण खात्याचं ओळखपत्र घातलेल्या तपासनीस बाई. खताच्या खड्ड्यातून काकांनी ते ओळखपत्र वाचलं. मुलगी सापडल्याच्या आनंदाने ते आधी खाली बसले, आणि मग बसलो कुठे ते त्यांच्या लक्षात आलं.

“हिने माझ्याकडे तक्रार केली,” बाई म्हणाल्या. “म्हणते, काका माझ्याकडे बघतच नाहीत, काकू चष्मा काढून भलतीकडे डोळे वटारतात, आणि बाकीचे सगळे आभाळाकडे बघतात. खरं का हे?”

“खरं आहे,” काका खड्ड्यातूनच म्हणाले. “पण त्याचं असं आहे...” आणि त्यांनी पहिल्या नियमापासून सगळं सांगितलं. अर्ध्यात त्यांचा आवाज चिरकला. “पोरांचा मंगळवार तेवढा बंद करू नका हो. पाहिजे तर मला काढा.”

बाई मुलीकडे वळल्या. “तू मला का सांगितलंस गं?”

“फळ्यावर अगदी खाली लिहिलंय. काही विचित्र वाटलं तर दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं. इथे सगळेच विचित्र वागत होते, म्हणून मी फाटकापर्यंत गेले.”

तपासनीस बाईंना हसू आवरेना. “अहो, मी गावभर फळे तपासत हिंडते. मुलाने वाचलेला फळा मी आज पहिल्यांदा बघितला. तुमच्या मुलांचा मंगळवार चालू राहील.”

काकांना खड्ड्यातच नाचावंसं वाटलं, पण पाय निघेना.

“आणि पैशांचं एवढं काय?” मुलगी म्हणाली. “मी घरूनच पाकिटात बंद करून आणते. मग बघत बसा खुशाल.”

काकूंनी पुन्हा कपाळाला हात लावला. एवढी साधी गोष्ट चाळीस घरांपैकी एकालाही सुचली नव्हती.

“फक्त एक,” जाताजाता बाई म्हणाल्या. “ज्याच्याबद्दल तक्रार आली, त्याने चौकशी पूर्ण होईपर्यंत मुलं असताना आत यायचं नाही. बरोबर?”

“अकरावा नियम,” काका पडेल आवाजात म्हणाले. “मीच लिहिलाय.”

मंगळवारी मुलं आली. काका बिल्ला काढून, काकूंना घेऊन कुंपणाच्या जाळीबाहेर स्टूल टाकून बसले होते. आतल्या कोवळ्या मटारच्या वाफ्यात गुरुजींचं लक्ष लागेना, ना मुलांचं. शेवटी गुरुजींनी अख्खा वर्गच जाळीपाशी आणून बसवला. आत बावीस पोरं, बाहेर काका, आणि दोन्ही बाजूंनी डोळे फाडून बघणारी चार मोठी माणसं. जाळीतून किडे दाखवले जाऊ लागले. काकांना आत जाता येत नव्हतं, पण चेहरा इतका फुललेला की काकूंनी त्यांच्याकडे दोनदा चष्मा पुसून बघितलं.

“काका,” एका चिमुरडीने जाळीला नाक लावून विचारलं, “तुम्ही काय केलंत म्हणून तुम्हाला बाहेर ठेवलंय?”

“नियम पाळले,” काका म्हणाले. “दोन. एकाच वेळी.”