ताट वाढल्यावरची यादी

आमचे पप्पा कधी कुणाला रागावून बोलले नाहीत. जे काही बोलायचं ते ताटं वाढल्यावर, डोळे मिटून, थेट प्रभूला सांगायचे. आमेन झाल्याशिवाय घासाला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळं ऐकण्यावाचून गत्यंतर नसायचं.

"हे प्रभू, या घरातल्या बाईला मीठ बेतानं टाकायची बुद्धी दे." आई एक डोळा उघडून बघायची. "माझ्या लेकाला गणितात पस्तीस तरी पडू देत. त्याला स्वतःला काही पडलेली नाही, म्हणून तुला सांगतोय." दादा मान आणखी खाली घालायचा.

मग यादी सुरू. पप्पा बारामती डेपोत मेकॅनिक. साहेबांच्या ब्लडप्रेशरपासून गिअर अडकणाऱ्या इंदापूर गाडीपर्यंत सगळ्यांसाठी मागणं व्हायचं. रविवारी चर्चहून आलो की घरभर मटणाचा वास, पोटात कावळे, आणि पप्पा अजून शेजारच्या तात्यांच्या गुडघ्यापाशीच! रस्सा पार गार व्हायचा.

तात्या मूळचे सांगवीचे, ऊसवाले, दर शनिवारी मारुतीला तेल घालणारे. पण आमची भिंत एकच, आणि त्यांचा कान भिंतीला. एकदा पाण्याच्या टाकीवरून दोघांचं वाजलं. पप्पांनी आठ दिवस त्यांचं नाव गाळलं. नवव्या दिवशी तात्या लंगडत दारात.

"शमुवेलराव, गुडघा लई धरलाय. आमचं नाव बंद केलंय का तुमी?"

पप्पा ओशाळले. जेवण उरकलेलं होतं, तरी ओट्यावर उभं राहून त्यांनी तात्यांपुरती पुन्हा प्रार्थना केली. पण यादीतून नाव गळू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पाच वर्षांपूर्वी मी इंदापूरच्या सुधीरशी रजिस्टर लग्न केलं. हिंदू घर, तेव्हा पप्पा नाहीच म्हणणार, असं माझं मीच ठरवून टाकलं. सह्या झाल्यावर फोन केला.

"आधी सांगितलं असतंस तर कोट घालून त्यांच्या दारात गेलो असतो गं," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

चूक माझीच. पण मीही त्यांचीच लेक, हेकट! ना त्यांनी फोन केला, ना मी. वहिनीकडून खुशाली कळायची. यादीत माझं नाव आहे का, हे मात्र तिला विचारायची कधी छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात पप्पा गेले. सकाळी चहा पिता पिता. दफनविधी आटोपून घरी आलो, तर तात्यांकडून पिठलं-भाकरी आलेली. ताटं वाढली. प्रार्थना कुणी करायची? दादानं डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

दादाची सहा वर्षांची लेक माझ्याशेजारी होती. तिनं मला फक्त फोटोत पाहिलेलं.

"तू इंदापूरची रूथ आत्या ना?"

"हो गं."

"आजोबा तुझं नाव सगळ्यात शेवटी घ्यायचे. ते आलं की मी भाकरी मोडून ठेवायचे. मग लगेच आमेन."

पाच वर्षं, रोज दोन वेळा. आणि माझ्याच्यानं एक फोन झाला नाही.