ओवाळून टाकलेले सात समुद्र

सांगवखेडात साखरपुड्याला नवरदेव जे गाणं म्हणतो, त्यात कबूल केलेली वस्तू हळदीच्या आत मुलीच्या घरी पोचवावी लागते. नाही पोचली तर लग्न मोडतं. असा माल ठेवणारं दुकान गावात एकच, झुंबरशेठ वाण्यांचं. शेठ शिकले चौथीपर्यंत, पण कोणत्या गाण्याला काय लागतं हे त्यांना तोंडपाठ. चंद्र तीन मापांत, चांदण्या डझनावर, विजेचे गजरे ऑर्डरप्रमाणे. मालात चूक त्यांच्या हातून एकदाच झाली. पाटलांकडे पौर्णिमेऐवजी चतुर्थीचा चंद्र गेला. त्या घरात अजून रोज संकष्टी असते.

हळदीला दोन दिवस उरले असताना वायरमन हेमराज दुकानाची पायरी चढला.

"काय म्हणून बसलास?" शेठनी विचारलं.

"तुझ्या हसण्यावरून सात समुद्र ओवाळून टाकीन."

"सात? अरे बाबा, एकावर भागलं नसतं का?"

"चालीत एक बसत नव्हता, शेठ."

शेठनी गोदाम पालथं घातलं. समुद्र सहाच निघाले. सातवा मागच्या वैशाखात शेजारच्या गावी गेला होता. तोही ओवाळलेलाच; तिथल्या तिठ्यावर पडून होता.

"तोच उचलून आणू?" हेमराज म्हणाला.

"ओवाळून टाकलेलं कुणी उचलतं का? कुणाची दृष्ट घरात आणशील!"

शेठनी टोपी चढवली आणि तडक मुलीच्या घरी गेले. माल तपासायचा मान तिथं मुलीच्या आत्याचा, मथुराबाईंचा.

"सहा समुद्र घ्या, आत्याबाई. सातव्याऐवजी तलाव देतो. मोठा, गोड्या पाण्याचा."

"माझ्या धाकट्या बहिणीला असंच गुलाबाऐवजी शेवंती चालवून घ्या म्हणाले होते," मथुराबाई म्हणाल्या. "जन्मभर शेवंतीच राहिली ती. सात म्हणजे सात."

नवरी उज्ज्वला दाराशी उभी होती. "शेठ, मी काही मागितलं नव्हतं. पण चार माणसांत म्हटलंय त्यानं. सहा आले तर मला हसू यायचं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण तुम्ही आणाच. मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

शेठ घरी आले. सातवा समुद्र घरातच होता. चौतीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः गाण्यात कबूल केलेला, देवघराशेजारी तांब्याच्या हंड्यात. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई त्यातलं पळीभर लोणच्याला वापरत.

"तो माझा आहे," द्वारकाबाई म्हणाल्या.

"पोरीचं लग्न मोडतंय."

द्वारकाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "मग मला नवं गाणं म्हणा."

गोदामात काय शिल्लक आहे ते शेठनी आठवलं आणि सूर लावला, "वाऱ्याला तुझ्या दारी..."

"वारा दोन वर्षं पडून आहे तुमचा. न खपलेला माल माझ्या गळ्यात मारू नका."

शेठ पाटावर बसले. दुकानातून गिऱ्हाईक कधी रिकामं गेलं नव्हतं, आणि हेही जाणार नव्हतं. जेवण निवलं, माशा घोंगावल्या, ते उठले नाहीत. शेवटी डोळे मिटून, आपल्या भसाड्या आवाजात त्यांनी म्हटलं:

"तुझ्या पायांशी सावली होऊन राहीन."

"बघा हं," द्वारकाबाई म्हणाल्या. "हा माल दुकानात मिळत नाही."

"ठाऊक आहे."

द्वारकाबाईंनी हंडा पुढं सरकवला.

हळदीच्या सकाळी मथुराबाईंनी प्रत्येक समुद्रात बोट बुडवून चाखलं आणि मान हलवली. सात सवाष्णींनी सात परातींतून ते ओवाळले. उज्ज्वला आधी गालात हसली, मग हेमराज गुडघ्यापर्यंत भिजलेला पाहून खो खो हसली. समुद्र रीतीप्रमाणे गावच्या तिठ्यावर टाकण्यात आले आणि दुपारी लग्न लागलं.

ओवाळून टाकलेलं ओलांडायचं नसतं, म्हणून तालुक्याची एसटी आता गोदामावरून वळसा घालून जाते. भरतीच्या वेळी दहा मिनिटं उशीर होतो.

झुंबरशेठ दुकानात भेटतात, पण द्वारकाबाई तिथं असतील तेवढाच वेळ. सकाळी ते लांब, पार रस्त्यापर्यंत पडलेले असतात. दुपारी बारा ते एक जरा आखूड असतात. गिऱ्हाइकांनी तेवढं सांभाळून घ्यावं.