काळ्या ओळींखालची जागा

सोमवारी दवाखान्यासमोरची बसथांब्याची शेड नाहीशी झाली. फुटपाथवर उरले फक्त चार बोल्ट आणि उन्हात ताटकळणारे पेशंट. शेड नगरपालिकेच्या आवारात आडवी पडली होती. ती आता कुठे बसवायची, हे एका आदेशात लिहिलेलं होतं. दवाखान्याच्या कंपाउंडरने त्या आदेशाची नक्कल मागितली आणि रेकॉर्ड विभागातल्या कारकूनबाईंच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

बाईंनी आदेश साहेबांपुढे ठेवला. शेड जाणार होती फर्निचरच्या एका दुकानासमोर. दुकान साहेबांच्या मेव्हण्याचं.

"नक्कल द्या," साहेब म्हणाले, "पण खासगी माहिती झाकून. जागेचं नाव खासगी आहे. कारणही खासगी. जास्तीची प्रत ठेवू नका, फाडून टाका."

बाईंनी झेरॉक्स काढली. नवं मशीन असं झकास चालत होतं की फिकट मूळ कागदापेक्षा झेरॉक्सच अस्सल वाटू लागली. मूळ कागद फायलीत परत गेला, हातात दोन्ही झेरॉक्सच आहेत, असं समजून बाईंनी जाड मार्करने एका कागदावरच्या ओळी मन लावून काळ्या केल्या आणि दुसरा जास्तीचा म्हणून फाडून टाकला. शिक्क्याची शाई बोटाला लागली, तेव्हा त्यांना कळलं, झेरॉक्सवरचा शिक्का असा बोटाला लागत नाही. काळा केला होता तो मूळ कागद!

त्या साहेबांना सांगायला धावल्या, तर तिथे कंपाउंडर आधीच ठाण मांडून बसलेला.

"साहेब, शेड हलवायचं कुणी ठरवलं?"

"मला काय ठाऊक? आधीच्या साहेबांच्या काळातलं आहे ते. मी तर तो कागद डोळ्यांनीही पाहिलेला नाही!"

तेवढ्यात मुकादम आत आला. "साहेब, टेम्पोत शेड चढवलीय. जागा कागदावर दाखवा. मागं तोंडी ऐकून खड्डे खणले अन् नोटीस मलाच आली."

बाईंनी हातातला कागद टेबलावर ठेवला. वर तारीख, खाली शिक्का, मधे नुसता काळोख.

"ह्यात जागा कुठाय?" मुकादमाने कागद उलटा करून पाहिला.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. जागा त्यांच्या जिभेवर होती, पण ती सांगायची कोणत्या तोंडाने?

"बाई, तुम्ही वाचलाय ना आदेश? सांगा की!"

बाईंनी उलटा कागद सरळ केला. नोकरीची अठरा वर्षं डोळ्यांपुढून सरकली. मग नजर उन्हाने रापलेल्या कंपाउंडरवर गेली.

"साहेब," त्या हळूच म्हणाल्या, "खासगी माहिती आहे ती. मी कशी सांगू?"

कंपाउंडरला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना.

"मग असं करतो," मुकादम घड्याळ बघत म्हणाला, "जुने बोल्ट आहेतच, त्यांच्यावरच बसवून टाकतो. तसं लिहून द्या."

साहेबांनी छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. शेवटी तसं लिहून सही ठोकली.

दुपारपर्यंत शेड दवाखान्यासमोर उभी राहिली. सहा वाजता सगळे घरी निघाले, साहेब मात्र खुर्चीतून हलेनात. तीनदा बायकोचा फोन येऊन गेला होता. घरी ती वाट पाहत होती, आणि तिच्याबरोबर तिचा भाऊही.