बापूरावांची दाढ आणि वाफेचं पिंप

इंजेक्शन देऊन झालं, बापूरावांची जीभ, जबडा आणि अर्धा ओठ बधिर झाला, आणि मग डॉक्टर शशिकांतांच्या ध्यानात आलं की दाढ काढायचा चिमटा अजून ऑटोक्लेव्हमध्येच आहे.

ऑटोक्लेव्ह म्हणजे कोपऱ्यातलं जाडजूड पिंप. त्यात वाफेवर हत्यारं निर्जंतुक होत. कंपाउंडर भगवानदास झाकणाच्या स्क्रूंशी झटत होता.

"डागसाब, जो तो नईं खुल रओ."

"दाबाचा काटा कुठे आहे?"

"झीरो पे."

"मग वाफ संपली. हातोडी घे."

बापूराव खुर्चीत ताठ झाले. झाशीच्या रेल्वे कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं इंजिनांचे बॉयलर तपासले होते. काटा शून्यावर होता खरा, पण पिंपाच्या पोटात बारीक खदखद चालली होती. म्हणजे काटाच अडकला होता. आता झाकण सुटलं तर भगवानदासचं तोंड भाजून निघणार!

"आऽअ आए! आऽअ!" ते ओरडले.

"दुखतंय का काका? बस, दोन मिनट."

बाहेरच्या बाकावरून बापूरावांच्या पत्नी अहिल्याबाई धावत आल्या. "अहो, काय हे लहान मुलासारखं! लोक बसलेत बाहेर."

बापूरावांनी टेबलावरचा कागद ओढला. चष्मा घरी राहिला होता, तरी अंदाजाने लिहिलं, 'दाब आहे.'

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून वाचला. "दात आहे. अरे हो काका, दात आहेच! तोच तर काढायचाय."

तिकडे भगवानदासने हातोडी उचलली. बापूरावांनी बोलण्याचा नाद सोडला. गळ्यातल्या फडक्यासकट ते उठले, पिंपाचा प्लग उपटला, हातोडी हिसकावून टेबलावर टाकली आणि तिघांना दाराकडे बोट दाखवलं. त्या नजरेपुढे कारखान्यात भलेभले फोरमन गप्प बसत. डॉक्टर उंबऱ्यापर्यंत मागे सरले.

खदखद थांबेपर्यंत बापूराव हलले नाहीत. मग हाताला ओला टॉवेल गुंडाळून, तोंड फिरवून, बाजूला उभं राहून त्यांनी लांब सांडशीने वाफेची तोटी हळूच कलती केली.

फुस्सऽऽ! पांढरा फवारा थेट छताला लागला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत खाली आलं. भगवानदास "हाय दैया!" म्हणत अहिल्याबाईंच्या मागे लपला. डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं. अजून शून्यच! त्यांचा चेहरा उतरला.

फवारा थांबल्यावर भगवानदास लगबगीने पुढे आला. बापूरावांनी त्याच्या हातावर चापट मारली. पिंप हाताला गार लागेपर्यंत त्यांनी कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल करत गेले. एकदम एकही काढला नाही. दीड तासाने झाकण अलगद उचललं गेलं. आत चिमटा लखलखत होता.

बापूराव घाम पुसत खुर्चीत टेकले. एवढ्यात ओठाला मुंग्या आल्या, जीभ वळली आणि शब्द फुटले. "काटा बदला आधी. वाफ होती आत, वाफ!"

"काका," डॉक्टर कळवळून म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंत?"

याचं सविस्तर उत्तर बापूरावांकडे तयार होतं. त्यांनी तोंड उघडलं.

डॉक्टरांनी तेवढ्यात दुसरं इंजेक्शन दिलं.